ओठ जड झाला ना?

नाजूकबाई म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. दंड भरलेले, मनगटं रुंद आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात ती रोलरवर उभी असायची. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी सरळ द्यायची. पलीकडे उभ्या असलेल्या दोघी ती कोरडी होऊन आली की झेलतात आणि घडी घालतात. चादर तिरकी गेली की अडकते, आणि अडकलेली सोडवायला हात पुढे गेला की रोलर आपला प्रसाद देतो. हा प्रसाद तिनं इतक्यांदा खाल्ला होता की नळाखाली हात धरून ती परत जागेवर यायची आणि जोडीदारणीला नुसतं "चल" म्हणायची. तिथं तिला कुणी नाजूकबाई म्हणत नसे. ते नाव घरचं होतं. बाहेरची नावं नोकरीबरोबर सुटतात, घरचं नाव माणसाला पोचवूनच येतं.

हे नाव कसं पडलं ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की येणाऱ्याजाणाऱ्यांनाही पाठ झाली होती. दोघी बहिणी लहान होत्या, ताई दोन-एक वर्षांनी मोठी. दोघींच्याही खालच्या दाढा किडल्या. आई कारखान्यात कामाला, रजा मागायची म्हणजे मुकादमाचं तोंड बघायचं, म्हणून तिनं एकाच खेपेत दोघींचा निकाल लावायचं ठरवलं. दातांचा डॉक्टर म्हातारा होता आणि बोलायला गोड होता. त्यानं धाकटीला आधी बसवलं, सुई टोचली, थोडा वेळ जाऊ दिला आणि तिच्या खालच्या ओठावर टिचकी मारून विचारलं, "ओठ जड झाला ना?"

झाला होता. तिला तो ओठ दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावल्यासारखा वाटत होता. ती हो म्हणाली.

"मग आता काही दुखायचं नाही," असं म्हणून डॉक्टरनं पकड लावली.

पुढचं सगळं घरच्यांच्या तोंडून ऐकावं. ती कशी किंचाळली, बाहेरचे पेशंट कसे उठून दारात आले, तिनं डॉक्टरच्या बोटाचा कसा चावा घेतला. आईनं सगळ्यांदेखत तिच्या मुस्कटात मारली. मग आईनं डोकं दाबून धरलं, ताईनं पाय धरले, आणि डॉक्टरनं दाढ काढली. तो म्हातारा काही दुष्ट नव्हता. त्याच्या हिशेबानं ओठ मेला म्हणजे दाढ मेली. दोन्हींकडे जाणारी नस एकच, ती झोपली की सगळं झोपलं. त्याला तसंच शिकवलं होतं, आणि आयुष्यभर त्याच्या हाताखालून गेलेल्या बहुतेक माणसांनी ते खरंही करून दाखवलं होतं. उरलेल्यांना तो भित्री म्हणायचा.

त्यानंतर ताई खुर्चीत बसली. ताईच्या तोंडातून ब्र निघाला नाही. डॉक्टरनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि आईला म्हणाला, ही बघा, ही खरी वाघीण. घरी जाताना आईनं ताईला लाल रिबीन घेऊन दिली. धाकटी मागून रुमालात तोंड खुपसून चालत होती. वळणावर ताईनं मागं बघितलं आणि म्हणाली, "चला हो नाजूकबाई." आई हसली. झालं, नाव चिकटलं ते चिकटलंच.

नावाचा एक मोठा फायदा असतो, ते माणसाला वळण लावतं. नाजूकबाईला असं वळण लागलं की दुखलं तरी दुखतं म्हणायचं नाही. म्हटलं की घरातला कुणी तरी दुसऱ्याकडे बघून हसायचा. लग्न झालं तेव्हा हे नाव तिच्या आधीच सासरी पोचलं होतं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, स्वभावानं बरा, पण विनोद एकच यायचा आणि तो हा. लग्नानंतर थोड्याच वर्षांत दुसरी दाढ काढायची वेळ आली, तेव्हा तोच तिला घेऊन गेला. पुन्हा सुई, पुन्हा ओठ जड, पुन्हा कळ थेट कानात. ती गळ्यात बांधलेल्या फडक्यासकट खुर्चीतून उठली आणि रस्त्यावर आली. तिथला डॉक्टर नवऱ्याला म्हणाला की तोंडात काही नाही, सगळं डोक्यात आहे. फडकं गळ्यात घालून पळालेली बायको हा किस्सा नवऱ्यानं पुढं प्रत्येक लग्नकार्यात सांगितला, आणि ती पण लोकांबरोबर हसायला शिकली. दाढ मात्र तिथंच कुजून, तुकडा तुकडा होऊन संपली.

पुढं एकदा पोटात दुखायला लागलं. ती तशीच रोलरवर उभी राहिली. जोडीदारणीनं तोंड बघून विचारलं तर म्हणाली, काही नाही, गॅस असेल. तिसऱ्या दिवशी चादरीचं टोक हातात धरूनच ती खाली बसली. आतडं फुटून पोटभर घाण झाली होती. ऑपरेशन करणारा डॉक्टर नंतर तिच्यावर खेकसला, इतके दिवस काय करत होतात म्हणून. ती काय सांगणार? मला नाजूकबाई म्हणतात म्हणून मी गप्प बसले, हे कुठल्या डॉक्टरला सांगण्यासारखं आहे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. दाबणारा हातही तिचाच होऊन बसला होता, एवढाच फरक.

आणि कायम शेजारी ताईचं उदाहरण होतं. ताई बसमध्ये कंडक्टर होती. गर्दीत उभं राहून, कंबरेला पट्टा बांधून तिनं उभी नोकरी काढली. घरात कुणाला बरं नसलं की ताईकडे बघ, असं म्हणायची पद्धत होती. ताईला कधी काही होतच नसे. ती पाव चहात बुडवून खायची, सफरचंद किसून खायची, त्याचीही घरात तिची एक ऐट म्हणून थट्टा व्हायची. ताई थट्टेला उत्तर देत नसे.

आता दोघींचे केस पांढरे झाले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नाजूकबाईची खालची शेवटची दाढ ठणकायला लागली, आणि तिनं नेहमीप्रमाणे कानाडोळा केला. लवंग धरून झाली, मिठाचं पाणी झालं, नवऱ्यानं आणलेल्या गोळ्या झाल्या. एके सकाळी उठली तर गाल सुजून डोळ्याला टेकला होता आणि तोंडात चमचाही जाईना. धुलाई विभागाच्या सुपरवायझरनं तिला बघितलं आणि हात धरून खालच्या मजल्यावर, इस्पितळाच्याच दातांच्या विभागात नेऊन बसवलं. इतकी वर्षं त्याच इमारतीत कामाला असून ती त्या दारावरून मान दुसरीकडे करून जायची.

दातांची डॉक्टर चाळिशीची बाई होती. डोळ्यांखाली काळं, पायांत सैल चपला, सकाळपासून उभं राहून कंबर गेलेली. तिनं आत बघितलं आणि स्पष्ट सांगितलं. सूज उतरायला औषध देते, उतरली की दाढ काढायलाच हवी. नाही काढली तर हीच सूज खाली गळ्यात उतरेल आणि मग श्वासाशी गाठ आहे. "आता पुढं ढकलू नका. यातून माणसं गेलेली बघितली आहेत मी," ती म्हणाली.

औषधानं सूज उतरली. ठरलेल्या दिवशी नाजूकबाई एकटीच गेली. घरी सांगितलं तर नवरा फडक्याची गोष्ट पुन्हा काढणार, आणि तिला त्या दिवशी हसायचं बळ नव्हतं. खुर्चीवर पसरलेली चादर तिच्याच रोलरवरून आलेली होती. कडेला एक तिरकी घडी पडली होती आणि ती कुठल्या पाळीत पडली असेल याचा ती विचार करत बसली. तेवढाच मनाला चाळा.

सुई झाली. डॉक्टर बाजूच्या खुर्चीतल्या पेशंटकडे जाऊन आली आणि हातमोज्याच्या बोटानं तिच्या ओठाला हात लावून म्हणाली, "ओठ जड झाला ना?"

हे शब्द ऐकून नाजूकबाईनं डोळे मिटले. ती हो म्हणाली, कारण ओठ खरंच जड झाला होता.

डॉक्टरनं दाढ हलवायला घेतली आणि कळ उठली. तीच जुनी, जबड्याच्या मागून कानात जाणारी. घशातून बारीकसा आवाज निघाला तशी डॉक्टर हात न थांबवता म्हणाली, हा नुसता दाब आहे, दाब जाणवतो, दुखत नाही.  नाजूकबाईनं खुर्चीचे हात धरले आणि ती छताकडे बघत राहिली. तिथं एक दिवा फडफडत होता. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानात उतरत होतं, पण आवाज म्हणून तिनं काढला नाही. आपलं कुठं तरी काही तरी चुकीचं आहे, आपण मुळातच अशा, हे तिनं फार पूर्वीच मान्य केलं होतं. ती फक्त संपायची वाट बघत होती. काही तरी घ्यायला वळताना डॉक्टरची नजर तिच्या पायांकडे गेली. दोन्ही पायांची बोटं मुडपून पांढरी पडली होती.

डॉक्टरनं हात काढला. "दुखतंय का?"

"नाही."

"मग हे पाणी कसलं?"

"सवय आहे," नाजूकबाई म्हणाली.

 डॉक्टरनं एक बारीक अणकुचीदार हत्यार घेऊन हिरडीला जागोजागी टोचून बघितलं. पुढं काही नाही, मागं दाढेपाशी नाजूकबाईचा अख्खा देह उडाला. डॉक्टरनं पुन्हा टोचलं, पुन्हा तेच. मग ती स्टुलावर बसली, मास्क खाली ओढला आणि म्हणाली, आज नाही काढत. उद्या तुमच्या जबड्याचा मोठा स्कॅन करून घेऊ आणि मग बघू. आधी काढलेल्या साध्या एक्स-रेत काही दिसलं नव्हतं. पुढच्या वेळी कुणाला तरी बरोबर आणा, असंही तिनं बजावलं.

बरोबर आणायला ताईशिवाय कोण होतं? ताईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आलेच." तिच्या आवाजात थट्टा नव्हती, पण नाजूकबाईच्या ते लक्षात आलं नाही. ती थकली होती. इतकी वर्षं एकच परीक्षा पुन्हा पुन्हा द्यायची आणि पुन्हा पुन्हा नापास व्हायचं, याचा थकवा झोपून जात नाही.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरनं दोघींना संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. जबड्याचं चित्र करड्या रंगाचं होतं. डॉक्टरनं पेनानं दाखवलं. हाडाच्या आत नसेला जायला एक बोगदा असतो, प्रत्येक बाजूला एक. तो मागून येतो, दाढांच्या खालून जातो आणि पुढं हनुवटीपाशी बाहेर पडून ओठाला जातो. आम्ही सुई देतो ती त्या बोगद्याच्या तोंडाशी. ओठ जड झाला की नस झोपली असं समजायचं, सगळे तसंच करतात. "पण काही जणांना देव एका बाजूला दोन बोगदे देतो," ती म्हणाली. "हा बघा, हा नेहमीचा. आणि हा वरून येणारा बारीक, थेट मागच्या दाढांकडे जाणारा. दुसऱ्या बाजूलाही आहे. पहिला झोपला की ओठ झोपतो. हा दुसरा जागाच राहतो. तुम्हाला दुखत होतं ते खरं होतं. मीही त्या दिवशी दाब म्हणाले, ते माझं चुकलं."

नाजूकबाई त्या बारीक काळ्या रेषेकडे बघत राहिली. केसाएवढी रेष. तिच्या मनात आनंद वगैरे काही आला नाही. आधी राग आला. आणि मग कळलं की हा राग नेऊन ठेवायला जागाच नाही. म्हातारा डॉक्टर कधीच गेला, आई गेली. मुस्कटात मारणाऱ्या आईला हे चित्र दाखवायला तिनं काहीही दिलं असतं.

त्या दिवशी डॉक्टरनं आणखी दोन ठिकाणी सुया दिल्या, एक तर बरीच मागं आणि वर. या वेळी ओठाचं काही विचारलं नाही. हत्यारानं दाढेभोवती सगळीकडे टोचून बघितलं आणि प्रत्येक वेळी नाजूकबाईच्या तोंडाकडे बघितलं. मग काम सुरू केलं. कुठं तरी लांब करकर झाल्यासारखं वाटलं. नाजूकबाई कळेची वाट बघत होती. शेवटी न राहवून तिनं कसंबसं विचारलं, "कधी काढणार?"

डॉक्टरनं तिच्यासमोर वाटी धरली. दाढ त्यात पडली होती.

तेव्हा मात्र ती रडली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. न दुखल्याबद्दल माणूस इतकं रडतं हे तिथल्या नर्सनं पहिल्यांदाच बघितलं असेल. डॉक्टरनं जखमेवर कापसाची घट्ट घडी ठेवली, तोंड मिटायला लावलं, आणि बाहेर बाकावर बसा, कापूस दाबून धरा, अजिबात बोलू नका असं सांगितलं.

बाहेर ताई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. नाजूकबाई शेजारी बसली. ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. आता काही तरी बोलेल, म्हणेल झालं एकदाचं नाजूकबाई, अशी धाकटीनं वाट बघितली.

"त्या दिवशी मलाही दुखलं होतं," ताई म्हणाली.

नाजूकबाईनं मान वळवली. तोंडात कापूस, बोलायची सोय नाही.

"तुझ्याइतकंच. ओठ जड झाला होता आणि दाढ टक्क जागी होती. पण तुला मारलेलं मी नुकतंच बघितलं होतं ना. मी ठरवलं, जीव गेला तरी ओरडायचं नाही." ताई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. "मग सगळे मला वाघीण म्हणाले. तू ओरडलीस म्हणून तुझा इतका राग आला मला. आपण दोघी ओरडलो असतो तर कुणी तरी विचार तरी केला असता. ते नाव मी त्या रागात ठेवलं. नंतर काढून घेता येईना."

नाजूकबाईला विचारायचं होतं, मग इतकी वर्षं का नाही बोललीस? पण कापसानं तिचं तोंड बंद होतं, आणि विचारायची गरजही नव्हती. चहात बुडवलेला पाव तिला आठवला. किसलेलं सफरचंद आठवलं. ताईनं त्या दिवसानंतर कधी दातांच्या डॉक्टरचं दार बघितलं नव्हतं. वाघीण डाव्या बाजूनं चावतच नव्हती, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याला ऐट म्हटलं होतं. नाजूकबाईसुद्धा म्हणाली होती. ताईचा डावा गाल तिनं आज नीट बघितला. तो आत गेला होता.

ती उठली. ताईचा दंड धरला आणि तिला उभं केलं. ताई कुठे, काय, म्हणत राहिली, मला काही नाही झालेलं, म्हणत राहिली. नाजूकबाईनं ऐकलं नाही. चादर ओढायची सवय असलेल्या हातातून दंड सोडवून घेणं कंडक्टरलाही जमलं नाही.

डॉक्टर हातमोजे काढत होती. नाजूकबाईनं तोंडातला कापूस काढून हातात धरला. त्याला रक्त लागलं होतं.

"हिचंही तपासा," ती म्हणाली. जड ओठामुळे शब्द वाकडे येत होते, पण कळत होते. "आणि हिनं नाही म्हटलं तर विश्वास ठेवू नका. आमच्या घरात नाही म्हणायची पद्धत आहे."

डॉक्टरनं एकदा दोघींकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग हातमोज्यांची नवी जोडी काढली. आधी स्कॅन करू, त्याशिवाय हात लावणार नाही, असं ती म्हणाली, पण आज निदान बघून तरी घेते. ताई खुर्चीत बसली. पर्स तिनं छातीशी धरली होती. डॉक्टरनं तिच्या डाव्या गालावर बोट ठेवून हलकेच दाबलं आणि विचारलं, "इथं दुखतं?"

"नाही," ताई म्हणाली, आणि तिची नजर नाजूकबाईवर गेली. "हो. दुखतं. खूप दुखतं."

नाजूकबाईनं कापूस पुन्हा जखमेवर दाबून धरला, खुर्चीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि ताईचे दोन्ही पाय हातात घेतले. दाबले नाहीत. नुसते धरून ठेवले.